मुळापासून साफ

चहाचा कप बशीत ठेवता ठेवता बायको सहज म्हणाली, की तिच्या कॉम्प्युटरवर सारखी ती पाटी येते आहे, जुनी सिस्टीम आता बंद होणार, नवी टाकून घ्या म्हणून. तर एक-दोन दिवसांत ती कोपऱ्यावरच्या दुकानदाराला बोलावणार आहे. एवढं बोलून ती साखर संपल्याचं काहीतरी पुटपुटली आणि आत गेली. तो जागच्या जागी बसून राहिला. कोपऱ्यावरचा दुकानदार म्हणजे मोबाइलची कव्हरं विकणारा, झेरॉक्स काढणारा, फावल्या वेळात चार्जरच्या वायरी जोडून देणारा आणि कसलंही दुखणं सांगा, ‘फॉरमॅट मारू’ हा एकच काढा पाजणारा. आणि इथे, याच टेबलाशी, विमा कंपनीच्या अख्ख्या कॉम्प्युटर विभागाचा प्रमुख बसला होता, ज्याच्या सहीशिवाय त्या इमारतीत साधा माऊस बदलत नसे. घरात वैद्य असताना बाहेरून हकीम आणायचा प्रकार. “मी काय मेलोय का?” त्याने स्वयंपाकघराच्या दिशेने विचारलं. “तुला कशाला त्रास,” आतून उत्तर आलं. “त्रास कसला त्यात?” भांड्यांचा आवाज थांबला. “तू चिडतोस,” ती म्हणाली. “तो चिडत नाही. काय काय ठेवायचं ते विचारतो आणि गुपचूप करून जातो.” पुन्हा भांडी वाजू लागली. चहा न पिताच तो आंघोळीला गेला.

ऑफिसात पाठीमागे त्याला सगळे ‘बॅकअपबुवा’ म्हणत. ते त्याला ठाऊक होतं, आणि आपल्याला ठाऊक आहे हे त्याने कधी कोणाला कळू दिलं नव्हतं. म्हणोत बापडे. या लोकांची अक्कल त्याने आतून पाहिली होती, डॉक्टर जसं पोट आतून बघतो तशी. दावे विभागाचा मुख्य, टाय लावून येणारा इसम, आपली महत्त्वाची कागदपत्रं रिसायकल बिनमध्ये ठेवत असे, कारण म्हणे तिथे ती पटकन सापडतात. मोठे साहेब एकदा स्वतःचा बॅकअप स्वतः घ्यायला निघाले. त्यांनी स्क्रीनवरची सगळी चित्रं पेन ड्राइव्हवर ओढली, ‘झालं की, एवढ्यासाठी तुम्ही लोक आठवडा लावता’ असं ऐकवलं आणि मशीन पुसायला दिलं. त्या पेन ड्राइव्हवर नुसते बाण होते, फाइलींकडे जाणारे बाण, फाइली नव्हत्याच. वाटेवरची पाटी उचलून खिशात घातली म्हणजे गाव खिशात आलं असं समजणारी ही जात. आणि मग रडत येणार, ‘काही करता येईल का हो?’ तेव्हा तो एक विशिष्ट चेहरा करी, दुःखद बातमी देणाऱ्या माणसाचा, आणि आत कुठेतरी त्याला जेवण झाल्यावर वाटतं तसं बरं वाटे. आधी पाटी वाचा, मग बटण दाबा, असं तो वर्षानुवर्षं ओरडत आला होता. कॉपी केली म्हणजे कॉपी झाली असं नाही. दुसऱ्या मशीनवर नेऊन उघडा, डोळ्यांनी बघा, मगच जुनं पुसा. नुसतं वाढलं म्हणून पोट भरत नाही, असं तो म्हणे, आणि नव्या मुलींना ते फळ्यावर लिहून ठेवायला लावी.

आंघोळ करताना त्याने ठरवलं की हे काम आपणच करायचं. बायकोवरच्या प्रेमापोटी नव्हे, त्या दुकानदाराच्या नाकावर टिच्चून. आंघोळीहून बाहेर आल्यावर त्याने तसं जाहीर केलं. बायको टॉवेल वाळत घालत होती. ती काही क्षण टॉवेलची टोकं जुळवत राहिली. “बरं,” ती म्हणाली. “मग सुट्टीच्या दिवशी कर. मी ताईकडे जाईन, तुला मोकळं.” आढेवेढे न घेता ती कबूल झाली याचं त्याला समाधान वाटलं. शेवटी पाणी वळणावरच जातं.

तिचा कॉम्प्युटर स्वयंपाकघरामागच्या अरुंद खोलीत होता, इस्त्रीचं टेबल आणि जुन्या गाद्या यांच्यामध्ये. त्या पेटीचा पंखा चालू झाला की दमेकऱ्यासारखा धापा टाकी. लग्नाआधी आणि नंतरही बरीच वर्षं ती एका छापखान्यात टायपिंग करत होती. छापखाना मिटला तेव्हा मालकाने पगाराऐवजी हे धूड आणि त्यातला तो जुनापुराणा टायपिंगचा प्रोग्राम तिला देऊन टाकला. दुसरी कोणी असती तर भंगारात घातलं असतं. हिने खोलीत मांडलं आणि त्यावर कादंबरी लिहायला घेतली. कादंबरी! पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तो हसला होता, वाईट हेतूने नव्हे, शेजारचा म्हातारा घोड्यावर बसायला शिकतोय म्हटल्यावर कोणीही हसेल तसा. मग त्या हसण्याचीही गरज उरली नाही. दुपारची, संध्याकाळची ती टकटक घराच्या आवाजांत मिसळून गेली, नळाच्या थेंबासारखी. पाहुणे विचारत, ‘वहिनी काय करतात?’ तो म्हणे, ‘टकटक करते.’ पाहुणे हसत, तीही हसे. कधीतरी तिने विचारलं होतं, एखादं प्रकरण वाचतोस का; तो म्हणाला, पूर्ण झालं की एकदम वाचू, असं तुकड्यातुकड्यात काय कळणार. त्यालाही आता किती वर्षं झाली कोण जाणे. कादंबरी काही पूर्ण होत नव्हती, आणि ती पूर्ण होईल असं तो कधी धरूनही चालला नव्हता. बायकांना एकेक असतं.

सुट्टीच्या दिवशी सकाळी ती निघाली. दारात चप्पल घालताना म्हणाली, “सगळं राहील ना?” “राहील.” “फोटो, गाणी गेली तर गेली. कादंबरी तेवढी—” “अगं हो,” तो म्हणाला, “मी हे पहिल्यांदा करतोय का?” तिने एकदा त्याच्याकडे पाहिलं, पर्सची चेन ओढली आणि जिना उतरून गेली. तिच्या पावलांचा आवाज संपल्यावर तो त्या खोलीत शिरला. खुर्चीवर तिची उशी होती, मध्ये दबलेली. ती उचलून त्याने गाद्यांवर टाकली आणि बाहेरची डिस्क जोडली. मग ज्याची अपेक्षा होती तेच सुरू झालं. ‘विविध’ नावाचा फोल्डर. त्यात ‘विविध नवीन’. त्यात ‘विविध जुने’, आणि त्याच्या आत पुन्हा ‘विविध’. एकाच समारंभाचे तेच फोटो चार ठिकाणी. विजेची बिलं गाण्यांच्या फोल्डरमध्ये. एवढी वर्षं आपण एका छताखाली राहिलो आणि हिच्या डोक्यात हा असा माळा आहे, असं त्याच्या मनात आलं, आणि एक प्रकारची कीव आली, पण गोड लागणारी. माळ्यावरच्या वस्तू तो एकेक करून डिस्कवर नेत गेला. शेवटी ‘kadambari’ राहिला. त्यात ‘prakaran1’, ‘prakaran2’ अशा इंग्रजी अक्षरांत नावं दिलेल्या फाइली ओळीने उभ्या. हा फोल्डर मात्र नीटनेटका होता, हे त्याच्या नजरेने टिपलं आणि मनाने सोडून दिलं.

नियम म्हणजे नियम. फाइली डिस्कवर गेल्यावर त्याने डिस्क आपल्या लॅपटॉपला लावली आणि पहिलं प्रकरण उघडलं. पडद्यावर कचरा सांडला. टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं, उलटी प्रश्नचिन्हं, पौंड, डिग्री, तुटके कंस, दोन-दोन टिंबं डोक्यावर घेतलेले ओ. त्याने दुसरं प्रकरण उघडलं. तेच. पाचवं, नववं, शेवटचं. सगळीकडे किडे. मूळ मशीनवर बघू म्हणून तो तिच्या कॉम्प्युटरकडे वळला. टायपिंगच्या प्रोग्रामवर टिचकी मारली. पंख्याने धापा टाकल्या, बराच वेळ काहीच झालं नाही, मग एक करडी चौकट आली, तिच्यात बारीक अक्षरांत काहीतरी होतं, त्याने ‘ठीक’ दाबलं आणि ती गेली. प्रोग्रामही गेला. झालं, म्हणजे तोही मेलेला. असा एक व्हायरस असतो, फाइली आतून कुरतडतो आणि नावं तेवढी शाबूत ठेवतो, भुसा भरलेल्या वाघासारखी. ऑफिसात दोन मशीनला लागला होता. केव्हापासून झालं असेल हे? आणि बाई रोज जाऊन बसते, टकटक करते. मग त्याच्या मनात एक भलताच विचार आला आणि तो खुर्चीत मागे रेलला: समजा व्हायरस नसलाच तर? समजा ती इतकी वर्षं हेच टाइप करत असेल तर? नुसत्या किल्ल्या बडवत असेल, दुपारी दोन तास, संध्याकाळी एक, चेहरा लेखिकेचा करून? विचार वेडगळ होता, पण तो त्याला झटकावासा वाटेना. त्याने तो जिभेवर गोळीसारखा घोळवला. तिचं ते खोलीतून बाहेर येणं, थकलेलं, डोळे कुठेतरी लांब. ‘आज दोन पानं झाली’ असं कोणी न विचारता सांगणं. आणि दोन पानं ही असली. त्याला हसू आलं. मग थोडं भीतीसारखंही काही आलं, त्याला त्याने खोकून वाट करून दिली.

अशा वेळी काय करायचं याबद्दल ऑफिसात त्यानेच आदेश काढला होता. लागण झालेली फाइल सोबत न्यायची नाही. दया-माया नाही, ‘एकदा बघू’ नाही. किडका माल नव्या घरात नेला की नवं घरही किडतं. आधी जुनी डिस्क मुळापासून साफ करायची आणि मगच नवी सिस्टीम. या आदेशाचा त्याला अभिमान होता. बायकोला फोन करावा का, असं एकदा त्याच्या मनात येऊन गेलं. पण फोनवर काय सांगणार? ती ‘अरे पण’ करत बसणार, ताईला विचारणार, ताई तिच्या नवऱ्याला विचारणार, तो दुकानदाराचं नाव काढणार. त्यापेक्षा संध्याकाळी समोर बसवून शांतपणे सांगू. त्यासाठी पुरावा हवा म्हणून त्याने मोबाइलवर पहिल्या प्रकरणाच्या पहिल्या पानाचा फोटो काढला. मग ‘kadambari’ बाहेरच्या डिस्कवरून पुसला, लॅपटॉप झाडून घेतला, आणि जुन्या कॉम्प्युटरची डिस्क वरवर नव्हे, मुळापासून साफ करायला लावली. पट्टी सरकू लागली. त्याने स्वतःसाठी कॉफी केली आणि ती खोलीत आणून उभ्याउभ्याच प्यायला.

नवी सिस्टीम चढत असताना करण्यासारखं काही नव्हतं. तो गाद्यांवर टेकला आणि संध्याकाळच्या बोलण्याची तयारी करू लागला. हळुवारपणे सांगायचं. ‘हे बघ, यात तुझा दोष नाही’ अशी सुरुवात करायची, म्हणजे दोष कोणाचा ते आपोआप कळेल. फोटो दाखवायचा. त्याने तो काढून मोठा केला आणि कचऱ्यावरून बोट फिरवलं. फिरवता फिरवता बोट मंदावलं. कचऱ्यात परिच्छेद होते. शब्दांच्या मध्ये जागा होत्या, जिथे असायला हव्यात तिथे; काही शब्द आखूड, काही लांब; वाक्यं संपत होती, टिंबं जागच्या जागी होती; एके ठिकाणी अवतरणचिन्हं उघडली होती आणि मिटलीही होती. कीड अशी शिस्तीत लागत नाही. आणि टिंबाच्या आधी पुन्हा पुन्हा तोच चिमुकला पुंजका, एक टोपीवाला ओ, एक पौंड, एक दांडी. या ओळीत, त्या ओळीत, खाली पुन्हा. ‘होती’, त्याच्या मनाने आपणहून वाचलं. होती. होती. होती. छापखान्यातले ते जुने प्रोग्राम. तेव्हा आपली अक्षरं कॉम्प्युटरला ठाऊकच नव्हती. फॉन्टवाल्यांनी इंग्रजीच्या घरांत कुठेही काना, कुठेही मात्रा कोंबून काम भागवलं होतं. तो फॉन्ट असेल तर मराठी, नसेल तर किडे. आणि ते प्रोग्राम उघडायला मागे एक लॉक खोचावं लागे, बोटाच्या पेराएवढं. करड्या चौकटीत तेच लिहिलं असणार. लॉक लावा. बॅकअपबुवांनी वाचलं नाही, ‘ठीक’ दाबलं.

त्याने उठून पट्टी थांबवायचा प्रयत्न केला नाही, कारण थांबवण्यासारखं काही उरलं नव्हतं हे त्याच्याइतकं कोणाला कळणार. तरीही डिस्क उकरून बघणारं हत्यार त्याने चालवलं, बाहेरच्या डिस्कवर आणि मग लॅपटॉपवर. दोन्ही ठिकाणी त्याने पुसण्यातही कसूर ठेवली नव्हती. वर आली ती फाइलींची मोडकी नावं, आत शून्य. हे उकरण्याचं सोंग त्याने ऑफिसात कित्येकदा केलं होतं, समोरच्या रडक्या माणसाचं समाधान व्हावं म्हणून. आता समोर कोणी नव्हतं. दावे विभागाचा तो मुख्य आठवला, त्याचा टाय, ‘काही करता येईल का हो’ म्हणताना ओठाच्या कोपऱ्यात जमलेली थुंकी. आणि आपला तो चेहरा. त्याला स्वतःची अशी किळस आली की तो मोरीत जाऊन तोंड धुऊन आला. पुरुषभर उंचीचा मूर्ख, तो स्वतःला म्हणाला. रिसायकल बिनवाला बरा, त्याने स्वतःचं तरी घालवलं. मग तो मोबाइल घेऊन बसला. फाइलीचं नाव प्रकरण एक, म्हणजे वरची मोठी ओळ ‘प्रकरण पहिले’ असणार. त्यातून प मिळाला, र, क, ण, ह, ल. ‘होती’तून ओकार आणि त. अक्षर जुळवून वाचणाऱ्या पोरासारखा तो एका बिलाच्या मागच्या बाजूला लिहीत गेला, खोडत गेला, पुन्हा लिहीत गेला. उन्हं गाद्यांवरून भिंतीवर गेली. शेवटी पहिलं वाक्य लागलं. ‘तिने दार उघडलं तेव्हा बाहेर कोणी नव्हतं, आणि तिला बरं वाटलं.’

तो ते वाक्य परत परत वाचत बसला. कोण ही? कुठलं दार? दाराबाहेर कोण असायला हवं होतं, जे नाही म्हणून हिला बरं वाटलं? खरं म्हणजे त्याने आधी स्वतःलाच शोधलं होतं, हे त्याच्या लक्षात आलं आणि तो ओशाळला. खालच्या दोन-तीन ओळी अर्ध्यामुर्ध्या लागल्या. एक जिना होता, ओला; एक दीर होता, खोकणारा; ती बाई आणि तिचं ते दार. तो कुठेच नव्हता. नवऱ्याच्या वेशातही नव्हता, खलनायकाच्याही नाही. आणि वाक्य चांगलं होतं. ही सगळ्यात वाईट गोष्ट होती. चांगल्या वाक्यांचं त्याला फारसं कळत नसे, पण हे वाक्य दारासारखं उघडत होतं, आणि त्याच्यामागे केवढंतरी घर असणार होतं, खोल्यांमागून खोल्या, आणि ते त्याने स्वतःच्या हाताने, आदेशानुसार, मुळापासून साफ केलं होतं. त्याने मोठ्याने म्हणून पाहिलं, “माझं चुकलं.” आवाज घोगरा आला. किती वर्षांत तो हे कोणाला म्हणाला नव्हता. पुन्हा म्हणून पाहिलं: “माझं चुकलं, पण तूही ते लॉक—” नाही. “माझं चुकलं, पण असं कोणालाही—” तेही नाही. प्रत्येक वेळी मागून ‘पण’ येऊन उभा राही, उधारीवाल्यासारखा. बरीच खटपट केल्यावर एकदा ते शब्द नुसतेच, शेपूट न लावता बाहेर आले, आणि ते म्हटल्यावर त्याचे डोळे भरून आले. आपल्याला रडू येतंय याचं त्याला नवल वाटलं. ते तसंच धरून ठेवायचं म्हणून तो तिच्या खुर्चीत, दबलेली उशी पुन्हा जागेवर ठेवून, हालचाल न करता बसून राहिला.

ती दिवेलागणीच्या सुमाराला आली. चपला काढल्या, पर्स खुंटीला लावली, खोलीच्या दारात येऊन नव्या झगझगीत पडद्याकडे पाहिलं. “झालं वाटतं,” ती म्हणाली. तो उभा राहिला. “तुझी कादंबरी गेली,” तो म्हणाला. “मी घालवली. मला ती नासलेली वाटली. किडे दिसत होते सगळीकडे, मला वाटलं व्हायरस. मी पुसली. कुठेच राहिली नाही.” ती ऐकत होती. पाणी किती वाजता जातं हे सांगावं तशा आवाजात म्हणाली, “लॉक माझ्या पर्समध्ये होतं. ते नसलं की प्रोग्राम उघडत नाही, आणि बाहेर सगळं तसंच दिसतं.” “हो,” तो म्हणाला. “माझं—” “ताईकडे आहे ती,” बायको म्हणाली. “कोण?” “कादंबरी. तिच्याकडे असाच जुना कॉम्प्युटर आहे ना, त्यावर. तू करायला घेणार असं ठरलं त्याच संध्याकाळी नेऊन ठेवली. आज सगळी प्रकरणं उघडून बघितली. नीट उघडतात.”

छातीवरून काहीतरी अवजड उतरलं, आणि ते खाली टेकायच्या आत त्याच्या लक्षात आलं की त्या ओझ्याबरोबर आणखीही काही गेलं आहे. दिवसभर त्याने जे तयार केलं होतं त्याला आता गिऱ्हाईक नव्हतं. “मला सांगायचं तरी,” तो म्हणाला, आणि आवाजात नेहमीची धार आली तशी त्याला थोडी हुशारी वाटली. “मी इथे दिवसभर— म्हणजे तुझी खात्रीच होती, मी घालवणार म्हणून?” तिने यावर खरोखर विचार केला. “खात्री कशी असेल,” ती म्हणाली. “आपलं असू दे म्हटलं. आणि सांगितलं असतं तर तू चिडला असतास.” तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, टोमणा असता तर त्याने परतवला असता. छत्री घेऊन निघणाऱ्या माणसाचा पावसावर राग नसतो, तसं ते होतं. किती वर्षांपासून ही अशी छत्री घेऊन वावरते आहे, असं त्याला विचारावंसं वाटलं, पण उत्तर ऐकायची छाती झाली नाही. ती वाकून उशी सारखी करत होती. “आता यावर तो प्रोग्राम चालायचा नाही ना?” तिने विचारलं. “नाही,” तो म्हणाला. “नव्या सिस्टीमवर नाही चालणार.” “मग मी तिकडेच जाऊन लिहीन. ताई म्हणालीच, ये म्हणून. दुपारची जाईन, संध्याकाळी येईन. शेवटचंच प्रकरण राहिलंय.”

शेवटचंच. त्याला माहीत नव्हतं. तो टेबलाचा काठ धरून उभा होता, पडद्याचा निळा उजेड त्याच्या बोटांवर पडला होता, आणि या खोलीत उद्या दुपारी काहीच आवाज असणार नाही एवढंच त्याला सुचत होतं. “मी एक ओळ वाचली,” तो म्हणाला. “फोटो काढला होता. अक्षरं लावून लावून वाचली.” आणि त्याने ती म्हणून दाखवली, दाराची, बाहेर कोणी नसल्याची. ती थांबून ऐकत होती. आपलं वाक्य त्याच्या तोंडून ऐकताना तिने मान किंचित बाजूला केली, ताट सरकवावं तशी. “मी वाचू का पुढचं?” त्याने विचारलं. “ताईकडे येऊन वाचेन हवं तर. तू म्हणशील तेव्हा.” हे विचारताना आपला आवाज कोणा अर्जदारासारखा झाला आहे हे त्याला कळत होतं, आणि तरी त्याने तो सुधारला नाही.

“नको,” ती म्हणाली. त्याला वाटलं पुढे काही कारण येईल, म्हणून तो वाट पाहत राहिला. ती दिवा लावून दाराशी पोचली होती. रागावलेली दिसत नव्हती. दमलेली होती, आणि तिच्या चेहऱ्यावर काम बरं झालेल्या दिवसाचं समाधान होतं.

“छापली की वाचतील लोक,” ती म्हणाली. “तू नको.”